जहाजाच्या वाटेने समुद्र शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्राविषयी बोलायला बसलं की ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे मी हात आखडता घेतलेला नाही.

समुद्र शिकायचा तर मासे, प्रवाळ, लाटा इथून सुरुवात करावी. जहाजं आणि बंदरं मध्येच कुठून आली?

प्रवाळापासूनही करा, हरकत नाही. पण समुद्राबद्दल माणसाला जे कळलं, त्यातलं बरंचसं कुणाला तरी माल किंवा टपाल वेळेवर पोचवायचं होतं म्हणून कळलं. १७६८च्या सुमारास एक तक्रार गाजत होती. इंग्लंडमधल्या फालमथहून न्यूयॉर्कला येणाऱ्या टपालबोटींना लंडनहून ऱ्होड आयलंडला येणाऱ्या व्यापारी जहाजांपेक्षा जवळपास पंधरवडा जास्त का लागतो? टपाल खात्याचं काम पाहणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनने हा प्रश्न आपल्या नात्यातल्या टिमथी फोल्जर या कप्तानासमोर ठेवला. फोल्जर देवमाशांच्या शिकारीत मुरलेला माणूस. तो म्हणाला, टपालबोटी थेट गल्फ स्ट्रीम या अटलांटिकमधल्या मोठ्या प्रवाहाच्या उलट्या धारेत चालतात. देवमासे त्या प्रवाहात शिरत नाहीत, त्याच्या कडेकडेने सापडतात, त्यामुळे प्रवाह कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे शिकाऱ्यांना तोंडपाठ. टपालबोटींच्या कप्तानांना त्यांनी सांगूनही पाहिलं होतं, पण साध्या मच्छीमारांचं ऐकायचं म्हणजे काय! फ्रँकलिनने तो प्रवाह नकाशावर काढून घेतला आणि छापला.

माझं मत विचाराल तर समुद्र न कळल्याचं नुकसान जिथे कुणाला तरी रोख भरावं लागतं, तिथेच तो नीट शिकता येतो. जहाज, बंदर आणि भरतीवर फिरणारं टर्बाइन यांना अंदाजपंचे बोलून भागत नाही.

मी समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब राहतो. पोहताही येत नाही. जमेल का?

जमेल. समुद्रावर आयुष्य काढलेल्या कित्येकांना पोहता येत नव्हतं. एक ग्लास, मीठ आणि भरतीचं छापील वेळापत्रक एवढ्यावर पहिले काही महिने निघतात.

पहिली गोष्ट कोणती पाहावी?

जहाजाच्या कुशीवरची खूण. मालवाहू जहाज, फोटोत का होईना, मधोमध निरखून पाहा. तिथे एक वर्तुळ असतं आणि त्याला आडवी छेदणारी रेघ. शेजारी शिडीसारख्या लहान लहान रेघा आणि त्यांच्या टोकाला इंग्रजी अक्षरं. ही भाररेषा. इंग्लंडमधले खासदार सॅम्युएल प्लिमसॉल यांनी लावून धरल्यामुळे १८७६ साली ती कायद्याने सक्तीची झाली. त्याआधी जुनी, कमकुवत जहाजं ठासून भरून समुद्रात सोडली जात. बुडालं तर मालकाला विम्याचे पैसे मिळत आणि खलाशी मात्र जिवानिशी जात. गंमत म्हणजे १८७६च्या कायद्याने रेघ काढा एवढंच सांगितलं होतं, कुठे काढा ते नाही. एका कप्तानाने ती धुराड्यावर रंगवली असं सांगतात. जागा ठरवून देणारा कायदा यायला १८९० उजाडलं.

आता ती शिडी वाचू. ‘एस’ म्हणजे उन्हाळा, ‘डब्ल्यू’ हिवाळा, ‘टी’ उष्ण कटिबंध, ‘एफ’ गोडं पाणी, ‘टीएफ’ उष्ण कटिबंधातलं गोडं पाणी. सगळ्यात खाली ‘डब्ल्यूएनए’, म्हणजे उत्तर अटलांटिकचा हिवाळा, फक्त लहान जहाजांसाठी. रेघ जितकी वर, तितकं जहाज जास्त बुडवायची, म्हणजे जास्त माल भरायची परवानगी.

इथे बहुतेक जण फसतात, मीही फसलो होतो. ‘टी’ची रेघ वर का, तर कोमट पाणी हलकं म्हणून, असं वाटतं. तसं नाही. तिथे वर्षातला बराच काळ हवामान सौम्य असतं, म्हणून थोडा जास्त माल चालतो. हिवाळ्यात वादळं, म्हणून पाण्याबाहेर जास्त उंची राखायची. हवामान आणि ऋतूंचा हिशेब त्या पाच-सहा रेघांत बसवला आहे. पाण्याच्या घनतेमुळे वर गेलेल्या रेघा म्हणजे ‘एफ’ आणि ‘टीएफ’. त्या वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून त्यांची तोंडं जहाजाच्या मागच्या बाजूला असतात, खाऱ्या पाण्याच्या रेघांची पुढच्या बाजूला.

गोड्या पाण्याने इतका काय फरक पडतो?

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे एक घनमीटर समुद्राचं पाणी सुमारे १,०२५ किलो भरतं, गोडं पाणी १,०००. समुद्रात दहा मीटर बुडालेलं जहाज नदीत शिरलं की जवळजवळ पाव मीटर आणखी खाली जातं, माल एक किलोही न वाढता. नदीमुखावरच्या बंदरात पाव मीटर म्हणजे तळ गाळाला टेकणं किंवा न टेकणं.

घरी करून पाहा. पारदर्शक स्ट्रॉ घ्या, खालचं तोंड खेळण्यातल्या मातीने बंद करा, आत इतके छर्रे टाका की ती उभी तरंगेल आणि साधारण दहा सेंटिमीटर बुडेल. पाण्याच्या पातळीवर बारीक पेनाने खूण करा. मग लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात सोडा. स्ट्रॉ वर येते, पण किती? जेमतेम अडीच मिलिमीटर. जाड पेन वापरलंत तर फरक खुणेतच गडप होईल. मग फ्रीजमधलं गार पाणी आणि खोलीतलं पाणी ताडून पाहा. तो फरक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असतो, डोळ्याला कळेलच असं नाही. मीठ आणि तापमान दोन्ही घनता बदलतात, पण कोण किती, हे हाताने केल्यावर जसं लक्षात राहतं तसं वाचून राहत नाही.

पनामा कालव्याची अडचणही गोड्या पाण्याचीच आहे. १९१४ साली सुरू झालेला हा कालवा समुद्रसपाटीला नाही. जहाजं पाण्याच्या पायऱ्यांनी सुमारे २६ मीटर वर चढतात, गाटुन तलाव ओलांडतात आणि पलीकडे उतरतात. पायऱ्या भरतात त्या तलावातल्या पावसाच्या पाण्याने. जुन्या दरवाजांतून एक जहाज पार व्हायला सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. २०२३ मध्ये पाऊस रुसला तेव्हा रोजची जहाजं कमी करावी लागली आणि किती खोल बुडालेलं जहाज घ्यायचं त्यावरही मर्यादा आली.

नॉट म्हणजे नेमकं किती?

तासाला १,८५२ मीटर, म्हणजे एक सागरी मैल. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून ती मागे पाण्यात सोडत आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून सरकल्या ते मोजत, त्यावरून हे नाव. ‘ताशी वीस नॉट’ म्हणू नका, ‘ताशी’ त्यात आलंच.

बंदर कुठेही बांधता येतं का?

पैसे असतील तर बांधता येतं. टिकवणं अवघड. बंदराला खोल पाणी हवं आणि लाटांपासून आडोसाही. निसर्गात या दोन गोष्टी क्वचितच एकत्र मिळतात. मग लाटा अडवायला समुद्रात भिंत घालतात. भिंतीआड पाणी शांत होतं आणि शांत पाण्यात गाळ बसतो. पुन्हा किनाऱ्याला समांतर वाहत जाणारी वाळू भिंतीच्या एका बाजूला साचते आणि दुसऱ्या बाजूचा किनारा उपाशी राहून खचू लागतो. म्हणून बंदराच्या खर्चात गाळ उपसणं ही कधी न संपणारी बाब असते. धक्के, क्रेन सगळ्यांना दिसतात. गाळ उपसणारा ड्रेजर कुणाच्या फोटोत नसतो.

आणि भरतीचं काय?

भरतीशिवाय बंदर कळतच नाही. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, तशी भरतीही रोज तितकी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे लहान भरती. कुठल्याही बंदराचं महिन्याचं भरतीपत्रक घ्या आणि उंचीचे आकडे आलेखावर मांडा. फुगणारी आणि आवळणारी माळ दिसेल.

२३ मार्च २०२१ रोजी ४०० मीटर लांबीचं ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं. जहाजं ओढणारे टग आणि ड्रेजर दिवसरात्र राबत होते, पण सगळ्यांचे डोळे पंचांगाकडे लागले होते. २८ला पौर्णिमा होती. उधाणाचं पाणी चढलं आणि २९ मार्चला जहाज सुटलं. त्यात माणसांची मेहनत किती आणि चंद्राची किती, यावर वाद घालायला मला आवडतं.

भरतीचं भाकीत वर्षभर आधी छापता येतं, कारण ती चंद्र-सूर्याच्या ठरलेल्या तालांची बेरीज असते. १८७२च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी ही बेरीज करणारं पितळी यंत्र बनवून घेतलं होतं. प्रत्येक तालासाठी एक कप्पी, सगळ्या कप्प्यांवरून एकच दोरी आणि दोरीच्या टोकाला पेन. वादळाने चढणारं पाणी मात्र त्या बेरजेत नसतं.

लाटा खरोखर किती उंच असतात? खलाशी तिखटमीठ लावून सांगतात ना?

आपण बराच काळ तसंच समजत होतो. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातल्या ड्रौप्नर या तेल-वायू फलाटावरच्या लेसरने २५.६ मीटर उंचीची लाट टिपली. भोवतालच्या मोठ्या लाटा सरासरी बारा मीटरच्या होत्या. राक्षसी लाट यंत्रात सापडल्यावर खलाशांच्या गोष्टी शास्त्रज्ञांनी पुन्हा काढून वाचल्या. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ अगुल्हास प्रवाह नैर्ऋत्येकडे वाहतो आणि समोरून दक्षिणेच्या वादळांच्या लाटा येतात. प्रवाहाशी टक्कर झाली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. प्रवाहाचा फुकटचा वेग मिळतो म्हणून जहाजं तिथे जातात आणि तिथेच मार खातात.

लोखंड समुद्रात गंजतं, तर जहाज इतकी वर्षं टिकतं कसं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. उत्तर लाकडी जहाजांपासून सुरू होतं. लाकडाचा वैरी गंज नव्हे, टेरेडो. नाव जहाजकिडा, पण हा खरा शिंपल्याच्या कुळातला प्राणी. तो लाकूड आतून पोखरतो आणि वरून काही कळतही नाही. त्याला पुरेसं खारं पाणी लागतं. स्वीडनचं ‘व्हासा’ हे युद्धनौकेचं धूड १६२८ साली पहिल्याच सफरीत, सुमारे १,३०० मीटर जाऊन बुडालं. १९६१ साली ते वर काढलं तेव्हा लाकूड जवळजवळ अखंड होतं, कारण बाल्टिक समुद्राचं पाणी टेरेडोला सोसत नाही इतकं कमी खारट आहे. एका समुद्राची क्षारता संग्रहालयात उभी करून ठेवली आहे म्हणा ना.

इंग्रजांनी यावर उपाय म्हणून १७६१ साली ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. किडा थांबला. पण काही काळाने पाहतात तर पत्रा धरून ठेवणारे लोखंडी खिळे खाऊन गेलेले. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्र्याबरोबर आलेला तपकिरी कागद त्यांच्या माथ्याखाली चुकून राहिला होता! लोखंड, तांबं आणि खारं पाणी एकत्र आलं की बॅटरी तयार होते आणि त्यात लोखंड झिजतं. कागदाने ती बॅटरी तोडली होती.

१८२४ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी हीच गोष्ट उलटी वापरली. झिजायचंच आहे तर स्वस्त धातूचा तुकडा झिजू दे, म्हणून त्यांनी तांब्याला लोखंडाचे, जस्ताचे लहान ठोकळे जोडले. तांबं झिजायचं थांबलं, प्रयोग शंभर टक्के यशस्वी. आणि जहाजांचा वेग पडला. तांबं किंचित विरघळत होतं म्हणूनच शेवाळ आणि बार्नेकलसारखे कवचवाले जीव त्याला चिकटत नव्हते. विरघळणं थांबताच समुद्राने तळावर वसाहत केली. नौदलाने ते ठोकळे काढून टाकले. डेव्हींची कल्पना मात्र मेली नाही. आजच्या पोलादी जहाजाच्या तळाला, विशेषतः पंखा आणि सुकाणूजवळ, जस्ताचे किंवा अॅल्युमिनियमचे ठोकळे जोडलेले असतात. गोदीत जहाज कोरडं उभं असताना ते पाहावेत. नवे ठोकळे गुळगुळीत, चकचकीत, तर जुने वाळवी लागलेल्या लाकडासारखे खड्डे पडलेले.

जहाज जास्तीत जास्त मजबूत पोलादाचं बांधलं की झालं, नाही का?

मजबूत कोणत्या तापमानाला, हे आधी विचारा. जानेवारी १९४३ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडला ‘स्केनेक्टडी’ हे नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेलं असताना, शांत पाण्यात, जवळपास दोन तुकडे होऊन फुटलं. दुसऱ्या महायुद्धात घाईने बांधलेल्या इतर जहाजांनाही अशा भेगा गेल्या. दोष आधी वेल्डिंगवर ढकलला गेला. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवलं की ते पोलाद ठरावीक तापमानाखाली काचेसारखं ठिसूळ होत होतं. वेल्डिंगचा हात एवढाच की रिव्हेट मारलेल्या जहाजात भेग पत्र्याच्या कडेला थांबायची, सलग वेल्ड केलेल्यात ती थांबत नव्हती.

कंटेनर समुद्रात पडतात म्हणे. मग?

पडतात. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. आजची सर्वांत मोठी जहाजं वीस फुटी मापाचे चोवीस हजारांच्या आसपास कंटेनर वाहतात. जगाच्या व्यापारातला वजनाने ८० टक्क्यांहून जास्त माल समुद्रातून जातो, तेव्हा वादळात काही पेट्या घरंगळणारच. जानेवारी १९९२ मध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये पडलेल्या एका कंटेनरमधून सुमारे २८,८०० प्लास्टिकची खेळणी बाहेर आली. पिवळी बदकं, लाल बीव्हर, निळी कासवं, हिरवे बेडूक. दहा महिन्यांनी ती अलास्कातल्या सिटकाच्या किनाऱ्याला लागू लागली. समुद्रशास्त्रज्ञ कर्टिस एबसमायर यांनी कुठलं खेळणं कुठे, कधी सापडलं याच्या नोंदी जमवल्या आणि त्यावरून प्रवाहांचं गणित तपासलं. एवढे तरंगते मापक मुद्दाम सोडायला कुणी परवानगी दिली नसती.

पण जहाजांमुळे समुद्राचं नुकसानच जास्त होतं ना?

नुकसान होतं, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. रिकामं जहाज स्थिर राहावं म्हणून टाक्यांत पाणी भरतात, म्हणजे बॅलास्ट. एका किनाऱ्यावर भरलेलं पाणी दुसऱ्या किनाऱ्यावर सोडलं जातं आणि त्यातले जीवही. काळ्या समुद्रात १९८०च्या दशकात अशीच एक कंगवा-जेली, म्हणजे जेलीफिशसारखा दिसणारा पारदर्शक जीव, आली. तिने माशांची अंडी आणि प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, फस्त केले आणि तिथली मासेमारी कोसळली. बॅलास्ट शुद्ध करण्याचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला आणि अमलात आला २०१७ मध्ये. तळावर काही चिकटू नये म्हणून वापरलेल्या टीबीटी या विषारी रसायनाच्या रंगाने शिंपले-शंखांची पैदास बिघडवली. त्यावर २००८ पासून जगभर बंदी आहे.

१ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनात गंधक ३.५ टक्क्यांऐवजी ०.५ टक्क्यापर्यंतच चालतं. हवा स्वच्छ झाली, आणि जहाजांच्या धुराने समुद्रावर उमटणारे ढगांचे पांढरे पट्टेही कमी झाले. ते पट्टे थोडं ऊन परत पाठवत असत. प्रत्येक दुरुस्तीची दुसरी बाजू असते, हे डेव्हींच्या ठोकळ्यांपासून चालत आलं आहे.

समुद्रातून वीज अमाप मिळू शकते, मग मिळत का नाही?

वाऱ्यापासून मिळते आहे. १९९१ साली डेन्मार्कमध्ये व्हिंडेबीला ११ पवनचक्क्यांचं पहिलं समुद्री केंद्र उभं राहिलं. आता तरंगत्या पवनचक्क्याही आहेत. पण तो मूळचा वारा, समुद्र त्याला फक्त जागा देतो. समुद्राची स्वतःची ऊर्जा हट्टी आहे.

भरतीचं उदाहरण दोन ठिकाणी पाहा. फ्रान्समधल्या राँस नदीच्या मुखावर १९६६ पासून २४ टर्बाइनचं २४० मेगावॅटचं केंद्र चालू आहे. यंत्रं उत्तम, पण बांधताना खाडी सुमारे तीन वर्षं समुद्रापासून तोडली आणि आतली जीवसृष्टी मेली. नंतर ती परतली, पण वेगळी होऊन. दक्षिण कोरियात सिहवाला उलट झालं. तिथे भराव टाकण्यासाठी भिंत आधीच घातली होती, आतलं पाणी सडत होतं. २०११ मध्ये त्या भिंतीत २५४ मेगावॅटचं केंद्र बसवलं, भरतीचं पाणी आत-बाहेर खेळू लागलं आणि तलाव सुधारला. तंत्र एकच, फरक किनाऱ्याच्या पूर्वेतिहासाचा.

लाटांचा प्रश्न वेगळा. १९७४ मध्ये एडिनबरोच्या स्टीफन सॉल्टर यांनी लाटांवर डुलणारं ‘बदक’ पुढे आणलं आणि खूप आशा निर्माण झाल्या. अडचण अशी, की यंत्राने रोजच्या दीड-दोन मीटरच्या लाटेवर वीज द्यायची आणि वर्षातून एकदा येणाऱ्या पंधरा मीटरच्या लाटेत जगायचंही. एवढं मजबूत केलं की महाग होतं. मला त्यातल्या त्यात पटलेला मार्ग स्पेनच्या मुत्रिकू बंदरातला. लाटा अडवायची भिंत बांधायचीच होती, तिच्या पोकळ्यांतच २०११ साली १६ लहान टर्बाइन बसवली. लाट आत चढते, हवा दाबली जाते, टर्बाइन फिरतं. एकूण क्षमता ३०० किलोवॅटहूनही कमी, पण पाया, रस्ता, डागडुजी सगळं बंदराच्या खात्यावर.

उष्ण कटिबंधात वरचं पाणी कोमट आणि हजार मीटर खाली चार-पाच अंशांचं. या फरकावरही इंजिन चालतं. फ्रेंच अभियंते जॉर्ज क्लोद यांनी १९३० साली क्यूबात ते चालवून दाखवलं, मग वादळाने थंड पाण्याची नळी तोडली. शिवाय वीस अंशांच्या फरकातून हाती लागणारी कार्यक्षमता फार तर काही टक्के, आणि पाणी उपसण्यातच बरीच वीज खर्ची पडते.

समुद्रतळाचा नकाशा तर कधीच पूर्ण झाला असेल?

नाही. ध्वनिलहरींनी नीट मोजलेला तळ अजून सुमारे एक चतुर्थांशच आहे. बाकीचं उपग्रहांवरून बांधलेलं ढोबळ अनुमान. ऑगस्ट १९९२ मध्ये ‘क्वीन एलिझाबेथ २’ हे प्रवासी जहाज मॅसेच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ नकाशात नसलेल्या खडकावर घासलं. तिथलं मोजमाप १९३९ सालचं होतं. शिवाय उथळ पाण्यात वेगाने चालणारं जहाज आपोआप खाली बसतं, आणि ते किती बसेल याचा अंदाज चुकला होता.

यात काम करायचं तर काय शिकावं?

गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं करा. पुढे नौका-अभियांत्रिकी, जलसर्वेक्षण, बंदर-अभियांत्रिकी किंवा समुद्रविज्ञान. नुसतं आकर्षण असेल तर आधी एखाद्या चालत्या बंदरात दिवसभर उभे राहून या.

व्यापारी जहाजं आजही विज्ञानाच्या उपयोगी पडतात का?

पडतात. १९३१ पासून ती एक पेटी ओढत आहेत. इंग्रज सागरी जीवशास्त्रज्ञ अॅलिस्टर हार्डी यांनी ती बनवली. जहाजामागे तारेने ओढायची, पुढे अर्ध्या इंचाचं तोंड, आत रेशमी जाळीची लांब पट्टी. पाण्याच्या जोराने मागचा पंखा फिरतो, पंख्याने पट्टी सरकते आणि वाटेतलं प्लवक तिच्यावर अडकत, दुसऱ्या पट्टीखाली दाबलं जाऊन फॉर्मेलिनमध्ये गुंडाळलं जातं. खलाशांनी पेटी पाण्यात सोडायची आणि ठरल्या जागी ओढून घ्यायची. जहाज आपल्या मार्गाने, आपल्या वेळेत माल पोचवत राहतं. या पट्ट्या टाकून दिल्या नव्हत्या, म्हणून २००४ साली १९६०च्या दशकापासूनचे नमुने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली आले. पूर्वी ज्यांची कुणालाही कल्पना नव्हती ते प्लास्टिकचे कण प्लवकाशेजारी, दशकागणिक वाढत गेलेले, रेशमात अडकून होते.